दिसेल तेच काढा

पेशीच्या प्रात्यक्षिकाची सुरुवात कांदा निवडण्यापासून होते. ताजा, घट्ट, रसरशीत कांदा हवा; मऊ पडलेला चालत नाही. तो उभा चिरून चार फोडी केल्या की पाकळ्या सुट्या होतात. प्रत्येक पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूला एक पारदर्शक पापुद्रा असतो. पाकळी मधोमध मोडायची, पण पूर्ण तुटू द्यायची नाही, आणि मोडलेल्या कडेवरून चिमट्याने तो पापुद्रा अलगद ओढायचा. पेशींचा हा जेमतेम एक थर. सुटल्याबरोबर तो गुंडाळायला लागतो, म्हणून लगेच वॉचग्लासमधल्या पाण्यात सोडायचा.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीत आलेल्या बहुतेक मुलांनी पेशीची आकृती अनेकदा काढलेली असते. पेशीभित्तिका, केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी पिंड अशी नावं त्यांना तोंडपाठ असतात. स्वतःच्या हाताने केलेली स्लाइड मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते. त्यामुळे पहिल्या तासाला मी एकच नियम सांगते: जर्नलमध्ये दिसेल तेच काढायचं. पुस्तक दप्तरात ठेवायचं.

पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा ब्लेडने कापून सॅफ्रानिनच्या थेंबात ठेवतात. रंग जास्त झाला तर सगळंच लाल होतं आणि काही ओळखू येत नाही, म्हणून तो धुवायला लागतो. मग स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात ब्रशने पसरलेला पापुद्रा, आणि वरून कव्हरस्लिप. ती एका कडेला टेकवून, सुईच्या आधाराने तिरकी धरून सावकाश खाली सोडायची. घाई केली की हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचे ते गोल इतके ठसठशीत दिसतात की दरवर्षी कोणीतरी हमखास ओरडतं, “मॅडम, पेशी दिसली!” स्लाइडला हलका धक्का दिला की बुडबुडा सरकतो, पेशी आपली जागा सोडत नाही. ही परीक्षा मुलं एकमेकांना शिकवतात.

आधी कमी शक्तीचं भिंग लावायचं. शंभरपट मोठं झालेलं चित्र हळूहळू स्पष्ट होतं: लांबट पेशी, एकीला एक खेटून, मध्ये जराही फट न सोडता बसलेल्या. प्रत्येकीत एक लालसर ठिपका, तो केंद्रक. बहुतेक पेशींत तो भित्तिकेला चिकटलेला असतो, कारण पेशीची जवळजवळ सगळी जागा पाण्याने भरलेल्या एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते. पेशीद्रव्य आणि केंद्रक तिच्याभोवती पातळ थरात, कडेला राहतात.

मग एखादी मुलगी विचारते, “पण या पेशीत तो मधोमध कसा?” या प्रश्नाची मी वाटच पाहत असते. उत्तर न देता तिला बारीक स्क्रू थोडा थोडा फिरवायला सांगते. एका पातळीवर केंद्रक स्पष्ट होतो तेव्हा बाजूच्या भित्तिका पुसट होतात. दुसऱ्या पातळीवर भित्तिका स्पष्ट, केंद्रक पुसट. म्हणजे केंद्रक मधोमध नाही, तो वरच्या किंवा खालच्या भित्तिकेला टेकलेला आहे आणि आपण त्याला वरून पाहतो आहोत. पेशीला जाडी आहे, तळ आहे, छत आहे. कागदावरची सपाट आकृती वर्षानुवर्षं जे सांगू शकलेली नसते, ते स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात कळतं.

“हरितलवकं कुठे आहेत?” हा पुढचा प्रश्न. वनस्पतीची पेशी म्हटल्यावर ती असलीच पाहिजेत, असं आकृतीने मनावर ठसवलेलं असतं. पण कांद्याच्या पाकळ्या म्हणजे जमिनीत वाढलेली, अन्न साठवणारी पानं. जिथे उजेड पोचत नाही तिथे हरितलवकांना काम नाही. पेशीत काय असेल हे तिच्या कामावर ठरतं.

दुसरी स्लाइड गालाच्या आतल्या अस्तराची. आधी खळखळून चूळ भरायची. मग स्वच्छ टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच खरवडायचं आणि ते स्लाइडवरच्या थेंबात पसरायचं. टूथपिक ज्याची त्याने वापरायची आणि लगेच वेगळ्या डब्यात टाकायची. मेथिलीन ब्लूचा थेंब घालून थोडं थांबलं की दिसतात त्या पसरट, वेड्यावाकड्या कडांच्या निळसर पेशी. काही एकट्या, काही एकमेकींवर चढलेल्या, काहींच्या कडा लाटताना पापडाची कड मुडपावी तशा मुडपलेल्या. गडद निळा केंद्रक साधारण मध्यावर. कांद्याची पेशी सुमारे पाव मिलिमीटर लांब असते, ही तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याची.

इथे भित्तिका नाही. मुलं कडेवर बोट ठेवून लिहितात ‘प्रद्रव्यपटल’. मी सांगते, तेही आपल्याला दिसत नाही. ते पटल सात-आठ नॅनोमीटर जाड असतं, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे दोनशे नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही. आपल्याला दिसते ती रंगलेलं पेशीद्रव्य जिथे संपतं ती हद्द. मग ते पटल आहे हे मानायचं कशावरून? त्यासाठी त्याला कामाला लावावं लागतं.

त्या कामासाठी ऱ्हिओ. पान वरून हिरवं, खालून जांभळं. कुंडीतली ही वनस्पती अनेक शाळा-महाविद्यालयांच्या आवारात असते. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सुटतो. पाण्याच्या थेंबात त्याच्या बहुकोनी पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतात; हा रंग रिक्तिकेत विरघळलेला असतो. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्यायचा. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटू लागतो, आकसतो, गोलसर होतो. भित्तिकेची चौकट मात्र तशीच राहते. हाच रससंकोच. पेशीतलं पाणी बाहेरच्या खारट पाण्याकडे गेलं, रंग मात्र आतच राहिला. पाण्याला वाट देणारं आणि रंगाला अडवणारं काहीतरी त्या कडेवर आहे, हे आता कोणाला सांगावं लागत नाही. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं ते याच परासरणामुळे.

त्याच पानाचा एक तुकडा उकळून दुसऱ्या स्लाइडवर ठेवते. त्यात रससंकोच होतच नाही. पटलं मोडलेली असतात आणि रंग उकळतानाच पाण्यात उतरलेला असतो. भित्तिका दोन्हीकडे तशीच उभी, पण निवड करणारी पेशी एकीकडेच.

भित्तिकेचं महत्त्वही इथेच उमगतं. ऱ्हिओच्या पेशीला साधं पाणी दिलं की ती फुगते, भित्तिकेवर दाब देते आणि थांबते. या दाबावर कोवळी पानं-देठं ताठ राहतात, हाडांशिवाय. तांबड्या रक्तपेशीला असा आधार नाही. साध्या पाण्यात ती फुगून फुटते. म्हणूनच शिरेतून देतात त्या सलाइनच्या १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ असतं. पण भित्तिका नसल्यामुळेच प्राण्याची पेशी आकार बदलू शकते: पांढरी पेशी जिवाणूला वेढते, स्नायूची पेशी आखडते. प्राण्यांचं चालणं-धावणं आणि झाडाचं एका जागी उभं राहणं, या दोन्हींचं मूळ बरंचसं या एका फरकात आहे.

शेवटची स्लाइड सर्वांत सोपी आणि मला सर्वांत प्रिय. मत्स्यालयात लावतात ती हायड्रिला. शेंड्याजवळचं एक पान पाण्याच्या थेंबात ठेवायचं, रंगवायचं काहीच नाही. दिव्याच्या उजेडात थोडा वेळ गेला की मधल्या शिरेजवळच्या पेशींमध्ये हिरवे दाणे कडेकडेने फिरू लागतात. ही हरितलवकं पेशीद्रव्याच्या प्रवाहाबरोबर वाहत असतात. बोनाव्हेंचुरा कोर्ती या इटालियन संशोधकाने १७७४ मध्ये पाणवनस्पतीत असा प्रवाह नोंदवला, तेव्हा पेशीसिद्धांत मांडायला साठहून अधिक वर्षं अवकाश होता. आज आपल्याला माहीत आहे की अ‍ॅक्टिनच्या सूक्ष्म तंतूंवरून मायोसिन ही प्रथिनं सरकतात आणि हा प्रवाह चालतो. आपल्या स्नायूंतही याच दोन प्रथिनांची जोडी काम करते. त्यासाठी लागणारी ऊर्जा पुरवण्यात तंतुकणिकांचा मोठा वाटा आहे. त्या या स्लाइडवर दिसत नाहीत, पण त्यांच्या बळावर चाललेलं काम डोळ्यांसमोर असतं.

आकृतीतली कितीतरी अंगकं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडली. लयकारिका तर क्रिस्तियान द द्यूव यांना उंदराच्या यकृतातल्या विकरांच्या मोजमापातून सापडली. १९५५ मध्ये त्यांनी तिला नाव दिलं तेव्हा तिचं काम कळलेलं होतं. तिचं रूप नंतर स्पष्ट झालं. १९७४ च्या नोबेल पुरस्कारात अल्बर्ट क्लॉड आणि जॉर्ज पॅलाडे यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता.

म्हणून जर्नल तपासताना कांद्याच्या पेशीत तंतुकणिका काढलेली दिसली की मी ती खोडायला लावते. मुलांना वाईट वाटतं, कारण पुस्तकात ती आहे. पुस्तकातली आकृती खरीच आहे, पण ती शेकडो लोकांच्या कामाची एकत्र केलेली बेरीज आहे. तुझ्या स्लाइडचं चित्र नाही, एवढंच मी समजावते. भित्तिका, केंद्रक आणि खाली ‘मिठाच्या पाण्यात जांभळा भाग आकसला, भित्तिका हलली नाही’ हे एक वाक्य, असं पान मला पूर्ण वाटतं. त्यात पाहिलेलं आहे आणि पाहिलेल्यावरून काढलेला अर्थ आहे. एक कांदा, ऱ्हिओचं पान, चिमूटभर मीठ आणि चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एवढ्यावर हे होतं. पेशीच्या आकृतीला गुण देणाऱ्या प्रत्येक शाळेने, ती आकृती काढून घेण्याआधी, मुलांना हा एक तास द्यावा.