ट्रॉलीचा मागचा दिवा



भाताची झोडणी आटोपली म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील रस्त्यांवर पेंढ्यानें शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या दिसूं लागतात. वीटभट्ट्या सुरू झाल्या कीं विटांच्या खेपा चालू होतात. गेल्या पौषांत एके रात्रीं किन्हवलीहून शहापुराकडे येतांना अशीच एक ट्रॉली माझ्या पुढें होती. पण ती पुढें आहे हें अगदीं जवळ जाईपर्यंत मला कळलेंच नाहीं. तिच्या मागें एकही दिवा पेटलेला नव्हता. माझ्या मोटारसायकलीचा ब्रेक वेळेवर लागला, एवढ्यावरच निभावलें. ट्रॅक्टर हांकणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. तो ओशाळून म्हणाला, "सर, बल्ब कालच नवा घातला हो !" त्याचें म्हणणें खरें होतें. बल्ब धडधाकट होता. दोष दुसरीकडेच होता. तो कोठें होता व असा दोष कसा शोधावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

विजेचा प्रवाह बॅटरींतून निघून दिव्यापर्यंत पोहोंचला म्हणजे काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो बॅटरीकडे परत आला तरच दिवा लागतो. जाण्याच्या वाटा अनेक असतात. परतीची मात्र बहुधा एकच असते. तिलाच आपण 'अर्थ' म्हणतों. सात पिनांच्या सॉकेटांत इंडिकेटर, ब्रेक व मागचे दिवे यांच्या वायरी वेगवेगळ्या असून अर्थची पिन मात्र एक असते. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकीं 21 वॉटचे, मागचे दोन 5 वॉटचे व इंडिकेटरचा एक 21 वॉटचा धरला, तर एकूण 73 वॉट होतात. 12 व्होल्टांच्या बॅटरीवर हा सुमारें 6 अँपिअर प्रवाह झाला, आणि तो सगळा त्या एका पिनेंतून परततो ! तेथें गंजामुळें अवघ्या एका ओहमचा अडथळा आला, तरी निदान एक तृतीयांश दाब तेथेंच खर्ची पडतो व दिवे मिणमिणूं लागतात. कित्येक ट्रॉल्यांस तर अर्थची स्वतंत्र वायरच नसते. हुकाच्या लोखंडावर भिस्त असते. मग प्रत्येक खड्ड्यागणिक दिवे उघडझांप करितात.

दोषाचें लक्षण नीट पाहिलें तर अर्धें काम होतें. एकच दिवा बंद असेल, तर प्रथम त्याचा बल्ब व होल्डर तपासावा. ब्रेकचे दोन्ही दिवे बंद, पण बाकीचे चालू, असें असेल, तर ब्रेकची वायर, पिन, फ्यूज किंवा पायाखालचा स्विच पाहावा. ब्रेक दाबतांच भलतेच दिवे अंधुक पेटले, तर दोष निश्चित अर्थमध्यें. कारण परतीची वाट बंद झालेला प्रवाह दुसऱ्या दिव्यांच्या तारांतून आडवाटेनें घरीं जाऊं पाहतो. आणि फ्यूज वरचेवर जळत असेल, तर कोठें तरी वायरीचें आवरण घासून आंतील तांबें लोखंडास लागलें आहे, असें समजावें.

यानंतर एक लहान बल्ब व दोन वायरी घेऊन तपासणीचा दिवा करावा. प्लग काढून ट्रॅक्टरच्या सॉकेटांतील अर्थच्या पिनेस एक टोंक लावावें व दुसरें टोंक इतर पिनांस क्रमानें लावून तो तो दिवा चालू करावा. येथें बल्ब लागला, तर ट्रॅक्टर निर्दोष व दोष ट्रॉलींत. मग प्लग पुन्हां बसवून बॅटरीच्या ऋण टोंकापासून एक लांब वायर आणावी व मागच्या दिव्याच्या अर्थच्या टोंकास टेकवावी. दिवा लख्ख झाला, तर अर्थ खराब आहे यांत शंका नको. वायरींच्या रंगांवर मात्र विसंबूं नये. हातदुरुस्तींत ते हमखास बदललेले असतात.

माझ्या विद्यार्थ्याच्या ट्रॉलींत हेंच निघालें. चार महिने पावसांत उभी राहिल्यानें अर्थची वायर बोल्टाखालीं गंजली होती. आम्हीं बोल्ट सोडविला, पॉलिश पेपरनें लोखंड चकचकीत घासलें, वायरीचें नवें टोंक आवळून बसविलें व वर ग्रीस लावलें. खर्च कांहींच आला नाहीं. पितळी पिनांवरील हिरवा कळंकही असाच काढावा.

एक गोष्ट पालकांनीं विसरूं नये. जळलेल्या फ्यूजच्या जागीं जाड तार किंवा चांदी घालूं नका. मग फ्यूजऐवजीं वायर तापते, आणि वर तर वाळलेला पेंढा असतो ! शिवाय मागें लाल रिफ्लेक्टर अवश्य लावावेत. वीज गेली तरी ते मागच्याच्या दिव्यानें चमकतात.

शुभवर्तमानांतील दहा कुमारिकांचा दृष्टांत आपण ऐकला आहे. दिवे दहाही जणींजवळ होते. उणीव होती ती वेळेपूर्वीच्या तयारीची. ट्रॉलीचा मागचा दिवा हांकणाऱ्यास दिसत नाहीं, म्हणूनच त्याचा विसर पडतो. तो स्वतःसाठीं नसून मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीं असतो. तेव्हां मुलांनो, वडील ट्रॅक्टर जोडीत असतील, तेव्हां मागें जाऊन उभे राहा व ब्रेक दाबावयास सांगा. दिवस मावळण्यापूर्वीं एवढें एक मिनिट दिलें, तर कोणाचा तरी मुलगा रात्रीं सुखरूप घरीं पोहोंचेल.