कोड दिसला म्हणून कॉम्प्रेसर बदलू नका

मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ साली स्थापन झाली. तिचा कारखाना आज पुण्याजवळ चाकणला आहे. एस-क्लाससारख्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या, म्हणजे बेलो असतात. वॉरंटी संपली की अशा गाड्या आपल्या कारागीर बांधवांच्या गॅरेजात येतात आणि सुटे भाग नाना पेठेत शोधले जातात. म्हणून ही माहिती देत आहोत.

गाडी एका कोपऱ्यात बसलेली असते, स्कॅनर कॉम्प्रेसरचा कोड दाखवतो. कॉम्प्रेसर बदलला, तरी नवाही जळतो. कारण बेलो गळत असतो. गेलेली हवा भरताना कॉम्प्रेसर सतत चालून तापतो. मग कंट्रोल युनिट तो बंद करून कोड नोंदवते.

आमच्या मते क्रम असा ठेवावा. इंजिनाचे कोड ‘पी’ने, सस्पेन्शनचे बहुधा ‘सी’ने सुरू होतात, स्वस्त स्कॅनर अनेकदा ‘पी’च वाचतो. सर्व कोड लिहून घ्यावेत, पुसावेत, परत कोणते येतात ते पाहावे. बॅटरी तपासावी; ती कमजोर असली तरी कोड येतात. चारही चाकांवरील उंची मोजून गाडी रात्रभर उभी ठेवावी. जो कोपरा बसेल तेथील बेलो, नळी व सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे गळती दाखवतील. उंची टिकली, पण गाडी वर उचलत नसेल, तर फ्यूज, रिले, नंतर कॉम्प्रेसर पाहावा.

गाडीखाली जाण्यापूर्वी स्टँड अवश्य लावावेत. हवा गेली की गाडी एकदम खाली येते.

चुकून बदललेल्या कॉम्प्रेसरचा भुर्दंड शेवटी कारागिरालाच पडतो, आणि गिऱ्हाईकही तुटते.