खाडीचा बांध आणि गावकी
लेखमाला : सामायिक शेतीची गावं, भाग 4

मागच्या आठवड्यात आपण हटराइट वसाहती पाहिल्या. जमीन, गुरं, यंत्रं, स्वयंपाकघर सगळं वसाहतीचं; जेवण एकाच भोजनगृहात, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. वस्ती दीडशेच्या आसपास पोचली की अर्ध्या माणसांची नवी वसाहत होते. या पंथाची रीत 1528ची. मधे ती तुटली, पण 1874 साली अमेरिकेत आल्यावर त्यांनी पुन्हा घट्ट धरली. आज आपल्या दाराशी येऊ, म्हणजे नवी मुंबईतल्या आगरी गावांत.

इथे मालकी कधीच सामायिक नव्हती. जमीन सावकाराची, कसणारं कूळ. 1 एप्रिल 1957च्या कृषक दिनानंतर अनेक कुळांच्या नावावर सातबारा चढला. खाडीकडचा बांध मात्र एकट्यादुकट्याच्या हातचा नव्हता. या गावांची गावकी जितकी देवळात घडली तितकीच त्या बांधावर घडली, असं मला वाटतं.

खारजमीन भरतीच्या पातळीखाली असते. मातीचा लांब बांध घातल्याशिवाय तिथे भात पिकत नाही. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. तिची लाकडी झडप भरती आली की पाण्याच्याच दाबानं मिटते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं. माणसानं हात लावायची गरज नाही, पण झडपेत एखादं लाकूड अडकलं तर रातोरात खारं पाणी आत. म्हणून तिच्यावर नजर ठेवावी लागे. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघालं की मोड आणलेलं भात चिखलात फेकायचं. या पेरणीला रहू म्हणतात. पीक वर्षाला एकच. म्हणूनच बांध फुटला तर त्याचा घाव खोल जाई : खारं पाणी शिरलेलं शेत दोन-तीन वर्षं नीट पिकत नाही.

उधाणात बांधाला खांड पडली की पुढच्या अमावास्या-पौर्णिमेच्या आत ती बुजवायलाच हवी. घरटी माणूस निघे. ओल्या चिखलाची ढेकळं या हातातून त्या हातात जात, वर पेंढा नि काट्याकुट्या दाबल्या जात. ज्याचं शेत खांडीपासून लांब, त्यालाही यावं लागे, कारण पाणी सातबारा पाहून थांबत नाही. 1948च्या खारजमीन कायद्यानंतर अशी कामं सरकारी मंडळाकडे जाऊ लागली आणि गावाचा हात हळूहळू सैल झाला.

बांधावरची ही सवय घरच्या कार्यातही दिसते. हळदीच्या रात्री तांदळाच्या भाकऱ्या एका घरात होत नाहीत. आळीतल्या बायका एकत्र बसतात. कुणी उकड काढते, कुणी मळते, कुणी पाण्याच्या हातानं भाकरी थापते. लग्नविधीत धवलारीन धवले गाते आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतात. अक्षराची ओळख नसलेल्या बायकांनी हे पौरोहित्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ राखलं, याचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही. हटराइटांचा पंथ पुस्तकाशी, प्रवचनाशी बांधलेला. तिथे प्रवचनकार पुरुषच. इथे मांडवात अधिकार बाईच्या गळ्याकडे. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेकडे निघायचं तेही गावानं मिळून, पालखी घेऊन.

17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. हटराइटांशी तुलना मला इथेच महत्त्वाची वाटते. त्यांची वसाहत जमीन विकते किंवा घेते ती सगळ्यांची मिळून. आपल्याकडे संपादन झालं सातबाऱ्यानुसार, खातेदारागणिक. मोबदला गटाचा ठरला, एकराचा ठरला. पिढ्यांनी मिळून राखलेल्या बांधाला त्या हिशेबात रकाना नव्हता. सातबाऱ्यावर नाव नसलेला मजूर बांधावर सगळ्यांच्या बरोबरीनं उभा राहिला होता, त्याच्या वाट्याला तर फारच थोडं आलं. भाऊबंदकीचे खटले मोबदल्याबरोबर घराघरांत शिरले, याला हेही एक कारण आहे.

तरी माणसं पुन्हा एकत्र आली, शेतासाठी नाही तर हक्कासाठी. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, जानेवारी 1984मधला जासई-दास्तानचा गोळीबार, त्यातले पाच हुतात्मे आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना, हे सगळं पुढच्या भागात.