घरातले शब्द : झाडणे

पुण्याकडे केर काढतात, कोल्हापूरकडे घर लोटतात. परभणी, गंगाखेड, जिंतूरकडे सकाळी घर झाडतात. मागच्या आठवड्यात सारवण्याची ओळख झाली. सारवण्याआधीचे काम म्हणजे झाडणे. हा शब्द मात्र उंबऱ्याच्या आत थांबलेला नाही. खळ्यात, पोलीस ठाण्यात, सप्त्याच्या मांडवात, सगळीकडे तो भेटतो.

झाडणे हे झडणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तशीच झडणे-झाडणे ही जोडी. पाने आपसूक झडतात, धूळ मात्र झाडावी लागते. चिकटून बसलेले काहीतरी जोर लावून सुटे करायचे, हा या शब्दाचा गाभा. तो एकदा लक्षात आला की बाकीचे अर्थ फारसे समजावून सांगावे लागत नाहीत. अंगावरची माती झाडतात, गाढव लाथा झाडते, बंदुकीतून गोळी झाडतात, चुकार माणसाला चारचौघांत झाडतात. 'झडती'ही याच घराण्यातली : कपडे आणि सामान झाडून लपवलेली वस्तू बाहेर काढणे. तिचाच जोडशब्द 'झाडाझडती'. धरणग्रस्तांच्या परवडीवरच्या कादंबरीला विश्वास पाटील यांनी हेच नाव दिले आणि तिला 1992 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

'काल्याला झाडून सगळ्यांनी यावं' असे सप्त्यात सांगतात. कोपऱ्यातला एक कणही मागे राहू नये, तसे एकही घर सुटू नये, हा त्यातला आग्रह.

खळ्यातले झाडणे वेगळेच. मळणी झाली, रास उचलली, की खाली विखुरलेले दाणे खराट्याने गोळा करायचे. मातीत मिसळलेल्या त्या धान्याला मातेरे म्हणतात. ते पाखडून, निवडून, धुऊन पुन्हा घरात घेतले जाई; कोरडवाहू मुलखात मूठभर ज्वारीही सोडून देण्याजोगी नव्हती. संसाराचे मातेरे झाले, असे आज म्हणताना मूळचे खळे डोळ्यांपुढे येत नाही. मळणीयंत्राने खळी घालवली, शब्द तेवढा उरला.

परभणी जिल्ह्याला झाडण्याचा मोठा मान मिळाला तो जनाबाईमुळे. गंगाखेडला जन्मलेली ही मुलगी पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. तिच्या नावावरच्या एका अभंगात जनी झाडलोट करते आणि प्रत्यक्ष देव केर भरून तो दूर टाकून येतो. दळणे, कांडणे, वेचणे, झाडणे ही जिची रोजची कामे, तिने देवाला त्याच कामात हाताशी घेतले. मराठी कवितेत झाडलोटीला इतक्या उंचीवर दुसऱ्या कुणी नेले असेल, असे वाटत नाही.

झाडण्याच्या साधनाला लक्ष्मी म्हणतात. तिला पाय लावायचा नाही, दिवेलागणीनंतर झाडायचे नाही. कंदिलाच्या उजेडात मणी, बाळी केरात जाण्याचा धोका खराच होता. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. शिंदीच्या पानांची ही केरसुणी पिढ्यानपिढ्या मातंग कारागीर बांधत आले. पाने कापायची, वाळवायची, चिरायची, मुठीशी घट्ट आवळायची, हे सगळे हातचे कसब. ज्या घरांनी केरसुणीला देव्हाऱ्यापाशी पाटावर बसवले, त्यांनीच ती बांधणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले. झाडण्याविषयी लिहिताना ही गोष्ट वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आता बाजारात ईशान्येकडच्या गवताचे फुलझाडू आणि प्लास्टिकचे झाडू आले आहेत. शिंदीची केरसुणी अनेक घरांत फक्त दिवाळीपुरती येते.

नवरात्राच्या आधी मराठवाड्यात 'दसरा काढतात'. वर्षाची जळमटे झाडायची, भांडी उतरवायची, गोधड्या-वाकळा गोदावरीला, दुधनेला किंवा पूर्णेला नेऊन धुवायच्या. पाऊस नुकता सरलेला, नदीला पाणी आणि वर कोवळे ऊन. या कामाला याहून सोयीचे दिवस नाहीत. एरवी नुसते झाडणे पुरते, दसरा मात्र काढावा लागतो.

एक झाडणे मात्र थांबायलाच हवे. विंचू, साप चावला की लिंबाचा डहाळा फिरवून विष 'झाडण्या'ची रीत होती. विष रक्तात भिनते, ते डहाळ्याने सुटत नाही. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी ठरते, हे महाडला काम करताना दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर परभणीशेजारच्या जालना जिल्ह्यातले. दंश झालेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. विंचू चावलेल्या मुलाला मांत्रिकाच्या ओट्यावर बसवून न ठेवता थेट सरकारी दवाखान्यात न्यावे.

(पुढील आठवड्यात : पोतेरे)