जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

लोखंड आणि पाणी यांचें वैर जगाच्या पाठीवर कोठेंहि चुकत नाहीं. कोंकणांतल्या पावसाळ्यांत दाराच्या बिजागरीवर जो तांबडा थर चढतो, तोच अमेरिकेच्या उत्तरेकडील संस्थानांत हिंवाळ्याच्या दिवसांत मोटारगाड्यांच्या पत्र्यांवर चढतो. तेथें रस्त्यांवरील बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकितात. त्यामुळें गंजण्याची क्रिया अधिकच जलद चालते. अशा रीतीनें खंगलेली पन्नास-साठ वर्षांपूर्वींची गाडी विकत घेऊन, घराशेजारच्या खोपटांत सुटीच्या दिवशीं खपून, तिला पुन्हां मूळचें रूप देणारे हौशी लोक त्या देशांत पुष्कळ आहेत. हें काम ते कसें करितात, त्यांत कोणतें शास्त्र आहे व कोणते धोके आहेत, हें आम्ही या लेखांत थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम या गाड्यांविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत त्यांस ‘मसल कार’ म्हणजे बलदंड गाडी असें म्हणतात. मध्यम आकाराच्या, सामान्य कुटुंबास परवडण्याजोग्या गाडींत मोठ्या गाडीचें जबर एंजिन बसवावयाचें, ही त्यांच्यामागील कल्पना. सन १९६४ च्या ‘पाँटिअॅक जीटीओ’ या गाडीपासून या प्रकाराचा आरंभ बहुतेक जाणकार धरितात. जनरल मोटर्स या मूळ कंपनीचा नियम असा होता कीं, मध्यम गाडींत ३३० घन इंचांहून मोठें एंजिन घालूं नये. परंतु पाँटिअॅकच्या मंडळींनीं ३८९ घन इंचांचें एंजिन ‘टेंपेस्ट लेमान्स’ या चालू गाडीवर मागणीप्रमाणें मिळणारा जादा सरंजाम म्हणून देऊं केलें, आणि नियमास बगल दिली. पहिल्याच वर्षीं अशा ३२,००० हून अधिक गाड्या खपल्या. मग इतर कारखान्यांची चढाओढ सुरू झाली. सन १९७० मध्यें ४५४ घन इंचांचें एंजिन असलेली ‘शेव्हरोले शेव्हेल’ ४५० अश्वशक्तीची म्हणून जाहीर झाली. तो या स्पर्धेचा कळस होय. त्याच वर्षीं धुरावर निर्बंध घालणारा कायदा कडक झाला, विम्याचे दर वाढत होतेच, आणि सन १९७३ मध्यें तेलाचा तुटवडा पडला. तेव्हां या गाड्यांचे दिवस संपले.

एंजिन जबर असलें तरी या गाड्यांचा पत्रा मात्र जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असे, आणि त्या काळीं गंजापासून त्याचें रक्षण करण्याची सोय फारशी नव्हती. म्हणून अशा गाडीचें खरें दुखणें बहुधा एंजिनांत नसून पत्र्यांत असतें. एंजिन उचलून दुसरें बसवितां येतें. पत्र्याचें काम हाताच्या कसबाचें व दीर्घ श्रमाचें असतें.

गंज म्हणजे काय, हें नीट समजल्यावांचून त्याच्याशीं झगडणें व्यर्थ आहे. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हे तिघे एकत्र आले म्हणजे गंज उत्पन्न होतो. तिघांपैकीं एकास दूर ठेविलें तर तो थांबतो. रंगाचें काम एवढेंच कीं, पाणी व हवा यांस लोखंडापर्यंत पोहोंचूं न देणें. पाण्यांत मीठ मिसळलें म्हणजे तें वीज अधिक सुलभतेनें वाहूं देतें, आणि गंजणें ही विद्युद्रासायनिक क्रिया असल्यामुळें ती वेगानें घडते. गंज हा मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापितो. म्हणून वरचा रंग फुगतो, फोड येतो, तो फुटतो आणि पाणी आणखी आंत शिरतें. दोन पत्रे एकावर एक जेथें जोडलेले असतात, त्या फटींत ओल दीर्घकाळ राहते; गंजाचें घर बहुधा तेथेंच असतें.

गाडी घरीं आणली म्हणजे पहिलें काम निदानाचें. त्यास साधनें दोनच पुरतात: एक लोहचुंबक व एक जुना स्क्रू-ड्रायव्हर. लोहचुंबक मऊ फडक्यांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावें. तें जेथें चिकटत नाहीं, तेथें रंगाखालीं लोखंड नसून कोणीतरी भरलेली पुट्टी आहे, असें जाणावें. स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक खालच्या बाजूनें टोंचून पाहावें. तें सहज आंत गेलें तर पत्रा केवळ रंगाच्या आधारानें उभा आहे. चाकांवरील कमानी, दरवाजांखालील उंबरठ्यासारख्या पेट्या, पायांखालची जमीन आणि मागील डिकीचा तळ हीं ठिकाणें विशेष तपासावीं.

येथें एक मुद्दा मनांत ठसविण्यासारखा आहे. गंज जेथें दिसतो तेथेंच त्याचें मूळ असतें असें नाहीं. सन १९६५ ते १९६८ च्या ‘फोर्ड मस्टँग’ गाड्यांत पायांखालची जमीन कुजलेली पुष्कळदां आढळते. पुढील कांचेच्या खालीं बाहेरची हवा आंत घेणारी जी पोकळी असते, तिच्यांतील पत्रा गंजून तेथून पावसाचें पाणी थेट पायांशीं गळतें, हें त्याचें एक नेहमींचें कारण होय. ती पोकळी दुरुस्त न करितां कोणी नवी जमीन घातली, तर ती जमीनहि कांहीं वर्षांनीं कुजावयाचीच. तसेंच शेव्हेलच्या डिकीचा तळ गेला असेल तर मागील कांचेचे खालचे कोपरे आधीं पाहावे. चकचकीत पट्टीच्या आड पाणी सांचून तेथें भोकें पडतात, आणि तेंच पाणी डिकींत उतरतें. रोगाचें मूळ शोधल्यावांचून औषध देऊं नये, हा वैद्याचा नियम येथेंहि लागू आहे.

निदानानंतर गाडी उकलावयाची. ही पायरी सोपी दिसते, परंतु पुष्कळांचे बेत येथेंच बुडतात. हजारों लहानमोठे भाग उत्साहाच्या भरांत सुटे केले जातात, खोक्यांत भरले जातात, आणि वर्षभरानें कोणता स्क्रू कोठला हें कोणासच आठवत नाहीं. यासाठीं प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें, बोल्ट पिशव्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्या आणि वहींत नोंद ठेवावी. दरवाजा व बाजूचा पत्रा यांमधील फट किती रुंद आहे, हेंहि मोजून लिहावें. पुढें सर्व जुळणी त्या मापावर अवलंबून असते. ज्या गाडीचे उंबरठे कापावयाचे असतील, तिच्या दरवाजाच्या चौकटींत लोखंडी नळ्यांचा तात्पुरता आधार आधीं जोडावा. तो न दिल्यास सांगाडा मधोमध वांकतो, आणि मग दरवाजे बसत नाहींत.

आतां गंज काढण्याच्या रीति. तारेचा फिरता ब्रश व घांसण्याचीं यंत्रें हीं नेहमींचीं साधनें. वाळूचा फवारा फार जलद काम करितो. परंतु बॉनेटसारख्या रुंद, सपाट पत्र्यावर तो जोरानें मारल्यास पत्रा ताणला जाऊन लाटांसारखा होतो व बहुधा सुधारत नाहीं. लहान भागांसाठीं वीज वापरण्याची एक सुंदर रीत आहे. पाण्यांत धुण्याचा सोडा विरघळवून त्यांत गंजलेला भाग ऋण टोंकास व साध्या लोखंडाचा तुकडा धन टोंकास जोडतात. गंज सुटून येतो व चांगल्या लोखंडास इजा होत नाहीं. धन टोंकास स्टेनलेस स्टील मात्र कधींहि लावूं नये, कारण त्यांतील क्रोमियमपासून अत्यंत विषारी क्षार पाण्यांत उतरतात. शिवाय हें काम उघड्या हवेंत करावें, कारण त्यांतून पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो.

जेथें भोंकच पडलें आहे, तेथें घांसून भागत नाहीं. कुजलेला भाग कापून, चांगला पत्रा लागेपर्यंत मागें जावें लागतें. लोकप्रिय गाड्यांचे पत्रे नव्यानें तयार होऊन विकत मिळतात. इतर गाड्यांसाठीं घरींच कागदाचा नमुना कापून त्यावरून पत्रा घडवितात. मग वेल्डिंग. पातळ पत्र्यासाठीं सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीची तार व ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड या वायूंचें मिश्रण वापरण्याचा प्रघात आहे. येथें खरा शत्रु उष्णता होय. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सलग डाख ओढीत गेल्यास पत्रा तापून आकसतो व वांकडातिकडा होतो. म्हणून एक ठिपका येथें, दुसरा वीतभर दूर, तिसरा आणखी निराळ्या जागीं, असे ठिपके देत जावें. प्रत्येक ठिपका निवूं द्यावा, आणि मधल्या जागा हळूहळू भराव्या. हातभर सांध्यास सबंध दुपार लागली तरी ती वाया गेली असें समजूं नये.

पोचे काढण्याची कला लोहाराच्या कलेची बहीण आहे. पत्र्याच्या मागें हातांत मावणारी पोलादी ऐरण धरावी आणि पुढून हलक्या हातोडीनें ठोकावें. फुगलेला भाग बसवावयाचा असेल तर ऐरण त्याच्या शेजारच्या खळग्याखालीं धरितात. म्हणजे एकाच ठोक्यानें उंचवटा खालीं जातो व खळगा वर येतो. जोर फार लावल्यास पत्रा ताणतो, म्हणून ठोके हलके व पुष्कळ असावे. डोळ्यांपेक्षां तळहात अधिक विश्वासू असतो. जे उंचसखलपण दिसत नाहीं, तें हात फिरवितांच कळतें.

यानंतरहि जी किंचित् उणीव राहते ती भरून काढावी लागते. जुन्या कारखान्यांत छताच्या सांध्यांवर कथील व शिसें यांचा मिश्रधातु भरीत. हा मिश्रधातु १८३ अंश सेंटिग्रेडच्या पुढें कांहीं काळ मऊ लोण्यासारखा राहतो, त्यामुळें लांकडी पट्टीनें त्यास आकार देतां येतो. आपल्याकडे भांड्यास कल्हई करण्यापूर्वीं जशी नवसागरानें धातु स्वच्छ करून घेतात, तशीच येथेंहि पत्र्यास आधीं कथलाचा पातळ हात द्यावा लागतो. आतां बहुतेक लोक पॉलिएस्टरची पुट्टी वापरितात. ती पातळ असावी. ३ मिलिमीटरांहून जाड थर देऊं नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. पुट्टींत संगजिऱ्याची पूड असते व ती ओल शोषून घेते. म्हणून भोंकावर जाळी लावून वरून पुट्टी फांसणें म्हणजे गंजास आंत कोंडून जोपासणें होय.

मग अस्तराचा हात. उघड्या लोखंडास एपॉक्सीचें अस्तर चांगलें बिलगतें. त्यावर दुसरें जाड अस्तर देऊन वर काळ्या रंगाचा अगदीं विरळ फवारा मारितात, आणि लांब सपाट ठोकळ्यास काचकागद गुंडाळून घांसतात. उंच जागेवरील काळेपणा आधीं जातो व खळग्यांतला राहतो. अशा रीतीनें दोष आपण होऊन डोळ्यांपुढें येतो. १८० क्रमांकाच्या कागदापासून ६०० क्रमांकापर्यंत हें घांसणें कित्येक दिवस चालतें. शेवटचा रंग हा आरशासारखा असतो. खालचा एकहि दोष तो झांकीत नाहीं, उलट दाखवितो.

धोक्यांविषयीं आम्हांस पालकांस व विद्यार्थ्यांस विशेष बजावावयाचें आहे. जुन्या रंगांत व सांध्यांत शिसें असतें. त्याची धूळ श्वासावाटे वा कपड्यांवरून घरांत गेल्यास लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम करिते. वेल्डिंगपूर्वीं पेट्रोलची टांकी गाडींतून काढून दूर नेली पाहिजे, कारण रिकाम्या टांकींतील वाफ भरलेल्या टांकीहून अधिक भयंकर असते. हल्लींच्या दोन भागांच्या रंगांतील आयसोसायनेट या द्रव्यानें कायमचा दमा जडतो. साधा रुमाल किंवा धुळीचा मुखवटा तेथें निरुपयोगी आहे. बाहेरची शुद्ध हवा नळीनें पुरविणारा मुखवटाच लागतो. ज्यास ही सोय नाहीं त्यानें शेवटचा रंग कारखान्यांत देववावा. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

आणखी एक गोष्ट. अस्सल गाडीस पुष्कळ पैसे मिळतात, म्हणून लबाडीसहि तेथें वाव असतो. सन १९६४ व १९६५ च्या गाडीच्या क्रमांकावरून ती जीटीओ आहे कीं साधी लेमान्स आहे हें ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं कारखान्याचे जुने कागद पाहावे लागतात. साध्या गाडीवर जीटीओचीं अक्षरें चढविणें आणि कुजलेल्या पत्र्यावर पुट्टी फांसून तो सुंदर रंगविणें, या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या होत. कुजलेला उंबरठा असलेली गाडी अपघातांत आंतल्या माणसांचें रक्षण करूं शकत नाहीं. घेणाऱ्याने केवळ पैसेच नव्हे, तर आपलीं मुलें त्या पत्र्याच्या भरंवशावर बसविलेलीं असतात. म्हणून प्रामाणिक कारागीर प्रत्येक पायरीचीं छायाचित्रें जपून ठेवितो आणि गाडी विकतांना, कोणता पत्रा नवा, कोठें किती पुट्टी, हें दाखवून देतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कितीजणांस असली गाडी हाताळावयास मिळेल, हा प्रश्न वेगळा. परंतु घरांतील गंजलेली सायकल किंवा पाण्याची जुनी बादली कोणासहि मिळण्यासारखी आहे, आणि वर सांगितलेले नियम तिलाहि तितकेच लागू पडतात: ओल कोठून येते तें आधीं शोधा, कुजलेलें निःशंकपणें काढून टाका, आंतून स्वच्छ करा, आणि रंगाचा डबा सर्वांत शेवटीं उघडा.