आत्मचित्र आणि एकांताचा हक्क

चित्रकार स्वतःचेच चित्र काढावयास बसतो, तेव्हा एक आरसा, एक बंद दार आणि स्वतःकडे टक लावून पाहण्याचे धैर्य एवढे भांडवल त्याला पुरते. ज्या डोळ्यांनी पाहावयाचे तेच डोळे रंगवावयाचे असल्यामुळे आत्मचित्रातील नजर बहुधा समोर रोखलेली असते. आणि चित्र पुरे होऊन भिंतीवर लागले, म्हणजे पूर्वी जेथे आरसा होता तेथे प्रेक्षक उभा राहतो. चित्रकाराच्या एकांतात आपल्याला प्रवेश मिळतो तो असा, त्याच्याच परवानगीने. डच चित्रकार रेम्ब्रांट याने तारुण्यापासून १६६९ साली मृत्यू येईपर्यंत हा परिपाठ सोडला नाही. ऐश्वर्य, दिवाळे आणि वार्धक्य या तिन्ही अवस्थांची नोंद त्याने आपल्या चेहऱ्यावरच करून ठेविली.

आपल्याकडे, मुळशी-मावळातील जुन्या घरांत ओटीपासून माजघरापर्यंत साऱ्या कुटुंबाचा वावर असे. एकांतासाठी निराळी खोली राखण्याची चैन कोणाला परवडत नसे. अशा समाजाला आत्मचित्रातील खाजगीपणा प्रथमदर्शनी परका वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा याच्या वाट्याला आले ते या परकेपणाहून कठोर होते.

गोव्यातील साळगाव येथे १९२४ साली जन्मलेला, लहानपणी देवीच्या आजारातून उठलेला, राजकीय चळवळीपायी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलेला हा तरुण १९४७ साली रझा, हुसेन, आरा, बाकरे व गाडे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करून उभा राहिला. १९४९ साली मुंबईतील प्रदर्शनात त्याने आपले संपूर्ण नग्न आत्मचित्र मांडले. अश्लीलतेची ओरड झाली, चित्र उतरविले गेले, त्याच्या राहत्या घराची पोलिसांनी झडती घेतली. आणि त्याच वर्षी तो लंडनला निघून गेला.

वास्तविक त्या चित्रात देह त्याचा, हात त्याचा आणि संमतीही त्याचीच होती. दुसऱ्या कोणाच्याही अब्रूला त्याने हात लाविला नव्हता. चित्रातून त्याने स्वखुशीने दार उघडले, आणि सरकारी अंमलदारांनी त्याच्या घराचे दार बळाने उघडविले. मर्यादेचा भंग झालाच असेल, तर तो या दुसऱ्या कृत्याने झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून वाचकांना विनंती अशी की, आत्मचित्रासमोर उभे राहाल तेव्हा चित्रकाराने जेवढे दाखविले तेवढे निःसंकोच पाहावे, आणि जे राखून ठेविले त्याचा आदर करावा.