काजव्यांचे झाड आणि घरचा कॉम्प्युटर

दिवाळीचा बोनस हाती आला, की घरातल्या प्रत्येकाला आपापली नड आठवते. गृहिणीला मिक्सर बदलायचा असतो, आजोबांच्या चष्म्याची काच जुनी झालेली असते, आणि कॅमेऱ्याचा नाद लागलेले चिरंजीव हळूच म्हणतात, "बाबा, कॉम्प्युटर फार संथ झालाय. नवा घेऊ या का?" अशा वेळी बाबांनी एकदम 'हो' म्हणू नये, आणि 'नाही'ही म्हणू नये. आधी रोग्याची नाडी पाहावी.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (जुन्या मंडळींच्या तोंडी अजून 'नगर'च आहे!) फोटोचा नाद लागायला निमित्ते पुष्कळ. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळवीट आहेत. शहराजवळच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर, पण लोकांनी महाल चांदबिबीला देऊन टाकला आहे. आणि अकोले तालुक्यात भंडारदरा! मेच्या अखेरीस पावसाची चाहूल लागली, की तिथली झाडे काजव्यांनी लखलखू लागतात.

काजव्यांचे ते फोटो पाहणाऱ्याला वाटते, की हजारो काजवे एकाच क्षणी पेटले असतील. खरा प्रकार निराळा. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवून, वीसवीस-तीसतीस सेकंदांचे अनेक फोटो एकामागून एक घेतात आणि घरी आल्यावर ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचतात. प्रत्येक फोटोतले ठिपके तेवढे खालच्या फोटोत उतरतात आणि झाड भरून जाते.

कॉम्प्युटरची दमछाक होते ती नेमकी इथे. हिशेब सोपा आहे. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 2 कोटी 40 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग आणि सोळा बिटांच्या कामात प्रत्येक रंगाला दोन बाइट. म्हणजे एका थराला 144 एमबी. असे चाळीस थर रचले, की पावणेसहा जीबी झाले! घरच्या कॉम्प्युटरात रॅम असते 8 जीबी, आणि तिच्यातला मोठा वाटा विंडोज आणि इतर प्रोग्रॅमनी आधीच अडवलेला असतो.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओट्यावर जागा उरली नाही, की दर फोडणीला कोठीत पळावे लागते. ती कोठी जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर मग विचारूच नका. साधी एसएसडी तिच्या तिप्पट-चौपट वेगाने मोठ्या फाइली वाचते. बारीकसारीक फाइलींच्या बाबतीत तर तुलनाच नको.

नाडी पाहायची ती अशी. नेहमीचे काम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. समोर येणाऱ्या तक्त्यात मेमरी शंभर टक्क्यांच्या घरात असेल, तर रॅम वाढवावी; 16 जीबीवर बरे चालते, थर रचणाऱ्याने 32 घ्यावी. डिस्क सतत शंभरावर असेल, तर एसएसडी. दुकानदार मात्र बहुधा लाल-निळे दिवे लुकलुकणारे ग्राफिक्स कार्ड पुढे करील. आमच्या मते काजवे भंडारदऱ्यालाच शोभतात! फोटोतला रवाळपणा एआयच्या मदतीने काढायचा असेल, तर ते कार्ड फार उपयोगी पडते, हे खरे. एरवी घाई नको.

मदरबोर्डाचे वय मात्र आधी विचारावे. डीडीआर3, 4 आणि 5 या रॅमच्या जाती एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. शिवाय विंडोज 10 ची नेहमीची मदत 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा म्हाताऱ्या पेटीत नवी रॅम भरणे म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवरी फरशी. त्यात 2025 च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडले. तिथे पैसे घालायचेच, तर एसएसडी आणि मॉनिटर यांत घालावेत; पुढे नवी पेटी आली, तरी दोन्ही कामी येतात.

मॉनिटरकडे तर कोणी लक्षच देत नाही. रेहेकुरीच्या वाळल्या गवताचा पिवळा रंग स्वस्त पडद्यावर कधी हिरवट, कधी तांबूस दिसतो. मान जरा हलवली, की बदलतो. आयपीएस जातीचा आणि एसआरजीबी रंग पूर्ण दाखवणारा पडदा घ्यावा. मग गावातल्या स्टुडिओतून एक फोटो छापून आणून पडद्याशेजारी धरावा. छापील फोटो काळवंडलेला वाटला, तर बहुधा दोष छपाईचा नसतो, पडद्याचा उजेड जास्त असतो, तो उतरवावा.

एक काम मात्र पेटीचा स्क्रू काढण्याआधीचे आहे. त्या जुन्या डिस्कवर मुलांची बारशी असतात, ताईचे लग्न असते, आणि आता नसलेल्या आजीचा एकुलता एक हसरा फोटोही असतो. दुकानात पेटी नेण्यापूर्वी या सगळ्याच्या दोन प्रती निरनिराळ्या डिस्कवर काढाव्यात, उघडून पाहाव्यात आणि त्यांतली एक आत्याच्या घरी ठेवायला द्यावी.